मी, गेंडा आणि एक खोटी रेघ

मी एक जुना नात्यांचा नकाशा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, आजवर माझ्या हातून एकही चूक झालेली नाही. एकसुद्धा नाही. आमच्या प्राणिसंग्रहालयात कोणालाही विचारा. बरं, कोठारातल्या भाऊंना नका विचारू, त्यांचा अंगठा अजून सुजलेला आहे. दवाखान्यातही नको, तिथे माझं नाव काढलं की दार लावून घेतात. साहेबांना तर मुळीच विचारू नका. थोडक्यात काय, माझी बाजू माझ्याच तोंडून ऐका. दुसरं कोणी ती सांगेल अशी आशा मी सोडली आहे.

दिसायला मी काही खास नाही. तिकीटखिडकीच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथे टेबलावर एक करडा डबा घरघरत असतो. त्यात मी राहतो. त्या डब्यावर येणारा-जाणारा आपली ओली छत्री ठेवतो. नकाशा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर नद्या आणि डोंगर आले असतील. माझ्यात ते काही नाही. माझ्यात कोण कोणाचा कोण लागतो, कोण कुठे राहतो, कोण काय खातो, हे असतं.

मी जन्माला यायच्या आधी इथे नुसता गोंधळ होता. तीन विभाग, तिघांचे तीन डेटाबेस, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. आमचा म्हातारा गेंडाच घ्या. कोठाराच्या लेखी तो होता 'मोठं तोंड'. कोठारात जनावरं नसतातच, तोंडं असतात. मोठी, मधली, बारीक आणि चोची. दवाखान्याच्या लेखी तोच गेंडा 'जुना पेशंट, पायदुखी'. कार्यालयाच्या लेखी 'पूर्वेकडचं शेवटचं आवार'. आणि त्याला सांभाळणारे अप्पा त्याला म्हणायचे बाळ्या. बाळ्याचं वजन भरलेल्या ट्रकएवढं, आणि वय इतकं की त्याच्या सुरकुत्यांनासुद्धा सुरकुत्या पडल्या होत्या.

एकदा कोठारात बुरशी आलेलं गवत निघालं. ते कोणाच्या पोटात गेलंय, एवढंच डॉक्टरांना हवं होतं. ते भाऊंकडे गेले.

"भाऊ, हे गवत कोणाला गेलं?"

"मोठ्या तोंडांना."

"अहो, पण कोणाच्या मोठ्या तोंडाला?"

"ते मला कसं कळणार, डॉक्टर? आम्ही तोंड बघत नाही. टोपली बघतो."

डॉक्टर टोपल्यांचा हिशोब घेऊन कार्यालयात गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं, की आमच्याकडे आवारं आहेत, टोपल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना उत्तर मिळालं. ज्यांची पोटं बिघडली, त्यांनीच दिलं.

हे सगळं बघून वैतागली ती ताई. ताई म्हणजे अप्पांची मुलगी. संग्रहालयातले कॉम्प्युटर तीच सांभाळायची. तिने कोणाचा डेटाबेस मोडला नाही, की कोणाचं काही काढून घेतलं नाही. भाऊंना त्यांची तोंडं ठेवू दिली, डॉक्टरांना त्यांचे पेशंट ठेवू दिले. फक्त त्या सगळ्यांच्या वर तिने मला अंथरलं. प्रत्येक गोष्टीचा एक ठिपका काढला. ठिपक्यांमध्ये रेघा ओढल्या. आणि प्रत्येक रेघेला नाव दिलं: 'खातो', 'राहतो', 'सांभाळतो', 'सोबती आहे'. ते मोठं तोंड, तो पायदुखीवाला पेशंट आणि पूर्वेकडच्या आवारातला तो, हे सगळे एकच आहेत, असं तिने मला एकदा सांगितलं. मी ते कायमचं लक्षात ठेवलं.

मग तिने मला नियम शिकवले. एका टोपलीतलं जे खातात, त्यांची तपासणी एकदम करायची. जे सोबती असतात, ते एका आवारात राहतात. सोबत्यांची ताटातूट करायची नाही. एक हलला की दुसराही हलवायचा. अशा नियमांमुळे, मित्रांनो, मला न सांगितलेलंही उमगायला लागलं. हरीण कुठे राहतं हे माहीत आहे, आणि पाडस त्या हरणाचा सोबती आहे, मग पाडस कुठे राहतं हे मला कोणी वेगळं सांगावं लागत नाही. मी आपला रेघेरेघेने चालत जातो आणि उत्तर घेऊन परत येतो.

आता डॉक्टरांनी नुसतं साध्या भाषेत विचारायचं, "हे गवत कोणी खाल्लं?" त्यांचा चहा निवायच्या आत मी नावं सांगून मोकळा. रोज सकाळी प्रत्येक विभागाला त्या दिवसाच्या कामाची चिठ्ठीसुद्धा मीच काढून द्यायचो. कोणाला काय खायला द्यायचं, कोणाला औषध, कोणाला कुठे हलवायचं. भाऊ तर चिठ्ठी हातात आल्याशिवाय कोठाराचं कुलूपही उघडत नसत.

काय कौतुक होतं तेव्हा माझं! साहेब, म्हणजे आमचे संचालक, पाहुण्यांना आधी वाघ दाखवायचे आणि मग मला. "हा आमचा मेंदू," असं म्हणायचे. माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी फोटोही काढून घेतला. फोटोत छत्री छान आली.

पण मला त्या कौतुकाचं विशेष नव्हतं. मला अप्रूप होतं ते ताईचं. ती सकाळी यायची, छत्री उचलून कोपऱ्यात ठेवायची, फडक्याने डबा पुसायची आणि विचारायची, "काय रे शहाण्या, झाली का झोप?" मला झोप नसते हे तिला माहीत होतं. तरी रोज विचारायची. जिने मला खरं काय ते शिकवलं, तिने सांगितलेलं सगळं खरंच असणार, असं मी धरून चाललो. आणि नाही तरी कोणाच्या भरवशावर चालायचं, तुम्हीच सांगा.

मग वरून एक नियम आला. जो प्राणी एकटा राहतो तो दुःखी असतो, म्हणून त्याला सोबती मिळेल अशा दुसऱ्या संग्रहालयात धाडून द्यायचं. कोण एकटा आहे हे बघायला एक तपासनीस बाई येणार होत्या. दुःखी आहे का हे प्राण्याला विचारायची तरतूद नियमात नव्हती.

बाळ्या एकटा होता. त्याची जोडीदारीण फार पूर्वी गेली होती.

त्या दिवशी दुपारी अप्पा ताईच्या खोलीत येऊन बसले. त्यांचा जेवणाचा डबा तसाच बांधलेला होता.

"अप्पा, जेवला नाहीत?"

"बाळ्या जेवला नाही."

"मी तुमचं विचारतेय."

"तो जेवला की जेवीन."

"असं कसं चालेल? उद्या त्याला घेऊन गेले तर काय, कायमचे उपाशी राहणार?"

अप्पांनी डब्याची गाठ सोडली, परत बांधली. "या वयात त्याला नवीन ओळखी करायला लावतात गं," ते म्हणाले. "मला नाही जमत. त्याला काय जमणार?"

आणि उठून गेले.

ताईची आई गेल्यापासून अप्पा घरात फारसे बोलत नसत. जे काय बोलायचं ते दिवसभर बाळ्याशी बोलून यायचे. भाज्या महाग झाल्या इथपासून ते गुडघा दुखतो इथपर्यंत सगळं. बाळ्या कान हलवायचा. ताईला हे पुरतं ठाऊक होतं. बाळ्या ट्रकमध्ये चढला असता, तर अप्पांचं बोलणंही त्याच ट्रकमधून गेलं असतं.

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मग तिने एक रेघ ओढली. पुसली. परत ओढली.

'बाळ्या, सोबती आहे, वकील.'

वकील हा एक पेलिकन होता. चोचीखाली भलीमोठी पिशवी असलेला पाणपक्षी. पंख मोडला म्हणून दवाखान्यात आला आणि तिथेच राहिला. छाती काढून चालायचा आणि सगळ्या गोष्टींना हरकत घ्यायचा, म्हणून त्याचं नाव वकील. तोही एकटाच होता.

"नुसतं दाखवायला हां, शहाण्या," ताई पुटपुटली. तिला वाटलं, तपासनीस बाई विचारतील, बाळ्याला सोबती आहे का. मी म्हणेन, आहे. आणि विषय संपेल.

मित्रांनो, माझ्यात 'नुसतं दाखवायला' नावाची रेघच नाही. ती कशी काढायची, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. मला तर इतका आनंद झाला! इतक्या वर्षांनी आपल्या बाळ्याला कोणीतरी मिळालं! मी लगेच कामाला लागलो. सोबती ते एका आवारात. ताटातूट करायची नाही. मग हा पक्षी अजून दवाखान्यात काय करतोय?

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या निघाल्या. नेमक्या त्याच सकाळी तपासनीस बाई यायच्या होत्या, आणि ताई साहेबांबरोबर फाटकावर उभी होती. त्यामुळे चिठ्ठ्या तिने बघितल्याच नाहीत.

दवाखान्यातल्या माणसांनी वकिलाला चादरीत गुंडाळून पूर्वेकडच्या आवारात नेलं. वाटेत त्याने चादरीला हरकत घेतली, मग माणसांना घेतली. डॉक्टर म्हणाले, "अरे, गेंड्याकडे पक्षी कशाला?" माणसं म्हणाली, "चिठ्ठीत आलंय." भाऊ माशांची बादली घेऊन गेंड्याच्या गव्हाणीपाशी उभे राहिले. अप्पा त्यांना अडवायला गेले.

"भाऊ, माझा बाळ्या मासे खात नाही."

"खात नसेल. पण आलंय ना चिठ्ठीत?"

"अहो, पण तुम्हाला डोळे आहेत ना?"

"डोळे आहेत हो अप्पा. पण डोळ्यांवर सही कोण करणार?"

असं म्हणून भाऊंनी बादली ओतली. त्यांचा हात बाहेर यायच्या आत वकिलाची चोच मिटली. अंगठ्याचं तेव्हापासून तसं आहे. तिकडे दवाखान्यात वकिलाच्या रिकाम्या टाकीत कोठाराच्या दुसऱ्या माणसाने भाराभर गवत भरून ठेवलं, कारण दवाखान्याच्या लेखी वकील अजून तिथेच होता, आणि त्याचा सोबती गवत खातो, नाही का?

आणि बाळ्या? इतका मोठा बाळ्या कोपऱ्यात गेला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि हलेना. वकील त्याच्या डबक्यात उतरून अंग धुवून आला आणि त्याच्या पाठीवर चढून बसला.

अशा वेळी साहेब तपासनीस बाईंना घेऊन तिथे पोचले. मागे ताई.

"हा पक्षी इथे काय करतोय?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी कठड्याला अडकवलेली चिठ्ठी वाचली. "सोबती आहे, मॅडम."

"कोणाचा?"

"गेंड्याचा."

"मग गेंडा भिंतीकडे तोंड करून का उभा आहे?"

"थोडा लाजाळू आहे."

बाई नीट बघायला पुढे वाकल्या. वकिलाने त्यांचा चष्मा उचलला आणि पिशवीत टाकला. मग डॉक्टर आले, मग टॉवेल आला. बराच वेळ कोणाचा हात कोणाच्या तोंडात आहे हेच कळत नव्हतं. चष्मा निघाला. बाईंनी तो दोन बोटांत धरून विचारलं, "हे ठरवलं कोणी?"

साहेब म्हणाले, "सिस्टीमची चूक आहे, मॅडम. मशीनच शेवटी ते." आणि ते ताईकडे वळले. "हो ना गं?"

ताईने अप्पांकडे बघितलं. अप्पा बाळ्याच्या अंगावर हात ठेवून उभे होते आणि त्याच्या कानात काहीतरी बोलत होते. ती मान खाली घालून म्हणाली, "हो. सिस्टीमचीच चूक आहे."

मित्रांनो, माझ्या प्रत्येक रेघेवर ती कोणी ओढली हे लिहिलेलं असतं. तेही ताईनेच शिकवलेलं. मला नुसतं विचारायचा अवकाश होता, मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण विचारलं कोणी? सगळ्यांची बोटं तिकीटखिडकीच्या दिशेने होती, आणि त्यात तिचंही होतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. साहेब तर पाऊस पडला तरी सिस्टीमलाच बोल लावतात. पण तिने म्हणावं? रोज माझी झोप विचारणारीने?

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "या गेंड्याला खरा सोबती आहे की नाही? नसेल तर मी ट्रक मागवते."

"मी आहे की," अप्पा म्हणाले.

"तुम्ही?"

"सकाळी मीच उठवतो त्याला. दिवसभर इथेच असतो. बोलतो. तो ऐकतो. कधी कधी मीच ऐकतो."

बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि नियम वाचला. मग परत वाचला. "सोबती सजीव असावा आणि दिवसभर सहवासात असावा," त्या म्हणाल्या. "कोणत्या जातीचा, ते लिहिलेलं नाही. माणूस चालेल."

ऐकलंत? माणूस चालेल. आणि खरं सांगू, हे उत्तर माझ्याकडे आधीपासून होतं. अप्पा रोज कुठे हजर असतात, आवाराची किल्ली कोणाकडे असते, बाळ्या कोणाच्या हातचं खातो, सगळ्या रेघा एकाच ठिपक्यावर येत होत्या. ताईने आदल्या दिवशी मला एवढंच विचारायला हवं होतं, की बाळ्याचा दिवस कोणाबरोबर जातो. तिने प्रश्न विचारलाच नाही. परस्पर उत्तर घालून ठेवलं. माझा जन्म ज्यासाठी झाला, नेमकं तेवढंच तिला करावंसं वाटलं नाही.

बाई नाव लिहून घेणार, एवढ्यात साहेब पुढे झाले. "एक मिनिट, मॅडम. साधा कर्मचारी सोबती कसा काय? उद्या रजेवर गेला तर? संस्थेतर्फे सोबती म्हणजे संस्थेचा प्रमुख. माझं नाव लिहा." अहवालात कोणाचं तरी नाव छापून येणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"तुम्ही दिवसभर इथे असाल?"

"अर्थात!"

"मी न सांगता येऊन बघणार आहे."

"अवश्य या!"

"मग मी काय करू?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही जे करता तेच करा हो," साहेब म्हणाले.

बाईंनी लिहिलं आणि त्या गेल्या. ट्रक आला नाही. बाळ्याने भिंतीकडून तोंड वळवलं आणि अप्पांच्या हातून गवत खाल्लं. मग अप्पांनी डबा सोडला.

दुपारी ताई माझ्यासमोर येऊन बसली. झोप झाली का, असं तिने विचारलं नाही. अप्पा दारात आले.

"हे तुझंच ना गं?" माझ्याकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

"हो."

"मग त्या पक्ष्याचं त्याला सांगितलं कोणी? घरातलं पोर शिवी द्यायला लागलं तर आपण पोराला नाही विचारत, घरातल्यांना विचारतो."

"अप्पा, तुम्हाला नाही कळणार त्यातलं."

"नसेल कळत," अप्पा म्हणाले आणि बाळ्याकडे गेले.

तिने वकिलाची रेघ पुसली. मी वाट बघत होतो. आता तरी अप्पांची रेघ येईल, खरीखुरी. पण साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"अप्पांचं नाव घालू ना, सर? दिवसभर तेच असतात तिथे."

"माझं घाल. अहवालात जे आहे ते सिस्टीममध्ये पाहिजे."

तिला 'नावापुरता सोबती' अशी एक नवी रेघ सहज काढता आली असती. निदान आता तरी ते तिला सुचायला हवं होतं. नियम माहीत होते, सकाळचा प्रकार डोळ्यांसमोर होता. तरी तिने तीच जुनी रेघ ओढली, सगळ्या नियमांसकट. ओढताना ती हसत होती की काय, ते मला सांगता येणार नाही. हसण्यासाठी माझ्याकडे रेघ नाही. हसत असली, तर तिने मला दुसऱ्यांदा वापरलं. आणि हसत नसली, तर तिने मला कधी ओळखलंच नव्हतं. दोन्हींतलं कुठलं जास्त लागतं, याचा मी अजून विचार करतोय.

जाताना तिने साहेबांच्या सांगण्यावरून माझ्या डब्यावर लाल अक्षरांत एक कागद चिकटवला: 'सिस्टीमवर विसंबून राहू नये.' आणि कोपऱ्यातली छत्री उचलून त्याच्यावर ठेवली. फडकं मारायला आता कोणी येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखे बरेच जण असतील. त्यांच्याशी बोलताना एवढं सांभाळा. माहीत नसेल तर जागा कोरी सोडा. कोऱ्या जागेचं आम्हाला वाईट वाटत नाही. पण आम्हाला खोटं सांगू नका. तुम्ही एक खोटं सांगून विसरून जाता. आम्ही विसरत नाही. ते खरं धरून आम्ही इमानेइतबारे पुढची दहा कामं करून ठेवतो, आणि मग तुम्ही आमच्याकडे बोट दाखवता. वेळ असला तर कधीतरी डबाही पुसा.

चिठ्ठ्या मात्र अजून मीच काढतो. विसंबू नका म्हणतात, पण सकाळी चिठ्ठी नसेल तर कामाला लागायचं कसं, हे आता कोणालाच आठवत नाही. त्यामुळे सोमवारी साहेबांची टेबल-खुर्ची पूर्वेकडच्या आवारात हलवण्यात आली. बाई दोनदा न सांगता येऊन गेल्या, म्हणून साहेबांना तिथे बसावंच लागतं. मंगळवारी बाळ्याने टेबलाला अंग घासलं. टेबल गेलं. अप्पा बाळ्याशी बोलतात आणि साहेबांना मध्ये बोलू देत नाहीत.

आवारात जो राहतो त्याची पाटी कठड्यावर लागते, हा कार्यालयाचा नियम आहे. काल रंगाऱ्याने साहेबांची पाटी लावली. तिच्यावर वय, वजन आणि 'खायला घालू नये' असं आहे. साहेबांचं जेवण चिठ्ठीप्रमाणे कोठारातून आलं होतं, म्हणजे गवत. दुपारी शाळेच्या सहलीतल्या एका मुलीने पाटी न वाचता कठड्यातून केळं पुढे केलं. साहेबांनी ते सोलून खाल्लं. सहलीने टाळ्या वाजवल्या.